घरचंच कार्य

सर, शाळा सुटली तरी मी ऑफिसातच बसून आहे आणि तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून हे लिहितेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. ढोकीच्या शाळेतला तो पत्र्याचा वर्ग मात्र लख्ख दिसतो. इतिहासाच्या तासाला कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर आपल्या आवाजात तुमचा फ्रान्स बुडवून टाकतात, तुम्ही खडू खाली ठेवून ते जाऊ देता आणि राजाला पुन्हा तिथूनच पॅरिसच्या चौकात आणता. चाचणीत मी लिहिलं होतं, क्रांतीनंतर सगळे लोक समान झाले. तुम्ही पेपर माझ्यापुढं धरलात. "समान झालेले बघितलेस का गं पोरी? मग लिहिलंस कशाला?" मग निजाम गेला तेव्हाचं सांगितलंत. झेंडा बदलला, लोक नाचले, पण तुमचे वडील पाटलाच्या दारात चपला हातात घेऊनच जात राहिले. मला तुमचा भयंकर राग आला होता.

आता मुरुमला मी त्याच क्रांत्या शिकवते, फ्रान्स, रशिया, चीन. मुलांना राजा पडेपर्यंतच मजा येते. मलाही तेवढीच यायची. आमच्या संस्थेचे जुने अध्यक्ष घरात लग्न निघालं की शिक्षकांना कामाला जुंपायचे. पुरुषांनी पंगतीत वाढायचं, आम्ही बायकांनी अत्तरदाणी घेऊन मांडवाच्या दारात उभं राहायचं. एका वर्षी आम्ही नाही म्हणालो आणि फाटकासमोर सतरंजी टाकून बसलो. घोषणा देऊन देऊन माझा घसा बसला. शेवटी संस्थेच्या निवडणुकीत अध्यक्ष पडले. सतरंजीवर बसून आमच्याबरोबर भाकरी खाल्लेले एक संचालक अध्यक्ष झाले आणि त्यांनी मला मुख्याध्यापिका केलं. गुलाल उधळताना मनात म्हटलं, सर चुकले.

आता त्यांच्या मुलाचं लग्न आहे. शिक्षक पाठवा, असा निरोप आला. मी सतरंजीची आठवण करून दिली, तर ते हसले. "तवाची गोष्ट येगळी व्हती, मॅडम. ते परकं व्हतं. हे आता आपल्या घरचंच कार्य हाय." गणिताचे नवे सर तेवढे येणार नाही म्हणाले. ते अजून कायम झालेले नाहीत. अध्यक्षांनी सांगितलं, त्यांना कमी करा, सही तुमची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही म्हणावं तर खुर्ची जाते आणि दुसरा कुणी तिथं बसून तीच सही करतो. हो म्हणावं तर एका माणसाच्या पोटावर माझा पाय पडतो. रशियात क्रांतीनंतर खुर्चीत बसलेल्या लोकांनाही असंच वाटलं असेल का, की आपण उठलो तर आपल्याहून वाईट माणूस बसेल?

आज दुपारी तेच सर दारात आले. "मी येतो वाढायला, मॅडम," ते म्हणाले. "माझ्यापायी तुमाला तरास नगो." नका जाऊ, मी बघते काय व्हायचं ते, असं म्हणायला हवं होतं. ते शब्द तोंडापर्यंत आलेही होते. मी म्हणाले, बरं, पांढरा शर्ट घालून या.

ढोकीला तुमच्या घरी अजून टपाल जातं, पण हे पत्र मी टाकणार नाही. गणिताचे सर दारातून परत गेल्यावर मला रडू आलं असतं तर कदाचित टाकलं असतं. मला हायसं वाटलं, सर.