एका वितीची बस

नागपूर, ११ नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप यमुआत्येच्या चरणी (त्यातही डाव्या चरणी विशेष) कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुझ्या गुडघ्याची खुशाली मात्र सविस्तर कळव. तो आता तुझ्या एकटीचा राहिलेला नाही, फायलीत गेला आहे.

तीन वर्षांपूर्वी सीताबर्डीवर तू सिटी बसच्या पायरीवरून पडलीस, आणि मी फुशारकी मारली, की बस बांधणाऱ्या कारखान्यात नकाशे काढतो तो काय उगाच? तुझ्या मापाची ठेंगणी बस काढतो, तोवर काटोलचं घर सोडू नकोस. तू भोळी, थांबलीस. इथे नागपुराजवळ हुडकेश्वरला श्रीधरने घर बांधलं, तर पोटच्या पोराच्या वास्तुशांतीलाही आली नाहीस. ‘माझा पाय एका वितीच्या वर उठत नाही’ हे तुझं कार्ड मी ‘जनतेची मागणी’ म्हणून फायलीला लावलं, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

वीत कुणाची, असा प्रश्न निघाला. सहा जणांच्या समितीने (चहाच्या पाच बैठकांनंतर) टेबलावर हात पसरले. तुझी वीत सात इंच, हे मी सांगून पाहिलं. मोठ्या साहेबांची दहा भरली. साहेबांसमोर आपली वीत पुढे करणार कोण? दहा इंच मंजूर झाले. तरी बस झाली बरं का ठेंगणी! चाकं तेवढी आत घुसली. त्यांच्यावर पत्र्याचे ओटे ठोकले, त्याला साहेबांनी ‘जादा आसनव्यवस्था’ असं नाव दिलं.

चाचणीला गांधीबागेत गेलो, तर नळासाठी खोदलेल्या नालीवर बस पोटावर बसली. कापडाच्या गाठी वाहणाऱ्या हमालांनी ती उचलून काढली. आमचे मिस्त्री चंपतराव म्हणाले, “पायरी तं खाली आणली साहेब, आता रस्त्याले कोण समजावून सांगीन?” साहेबांनी रस्ता सोडून बसलाच समजावलं. स्प्रिंगचे पाटे वाढवले, पायरी वर. मग टायर मोठे घातले, पायरी वर. मग पावसाचं पाणी शिरेल म्हणून तळाला फळ्यांचा आणखी एक थर. परवा मी गुपचूप मापलं. जुन्या बसची पायरी सोळा इंच, ठेंगणीची साडेअठरा. नाव बदलता येत नाही, मंजुरी त्याच नावाची आहे. शिवाय ते बसच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत रंगवून झालं आहे.

आत्या, मला खरंच लाज वाटते. तू माझ्या शब्दावर तीन वर्षं बसून राहिलीस, आणि मी दर महिन्याला तुझ्यासाठी पायरी थोडी थोडी उंच करत होतो.

तुझा भाचा,
कृष्णकांत

ता. क. रविवारी उद्घाटन आहे. मागणी करणारी जनता म्हणून पहिली तू चढायचंस, फोटो निघणार आहे. रेल्वेनेच ये, तिथे फलाट तरी असतो. येताना तुझा सत्यनारायणाचा चौरंग आण, पायरीखाली ठेवायला लागेल. भक्कम असू दे, तुझ्यामागून मोठे साहेब चढणार आहेत.

पुन्हा ता. क. समारंभ आटोपला की चौरंगासकट श्रीधरकडे जायला सायकलरिक्षा सांगून ठेवली आहे. रिक्षावाल्याला तुझा गुडघा सांगितला, तर म्हणाला, “त्यात का आहे बाप्पा, हात देऊन बसवतो ना मायले.” हा इलाज आमच्या समितीत तीन वर्षांत कुणालाच सुचला नाही. मलाही नाही, पण हे श्रीधरसमोर काढू नकोस.