माठाला हात लावू नये

१४ मार्च
आणि वर मलाच विचारते, काकी, तुला जमेल का? मला! ह्या क्रांतीच्या बारशाला शंभर माणसांना पाणी दिलं मी. आता महिला मंडळाची अध्यक्ष झाली तर मला शिकवते. वीस तारखेला चवदार तळ्याला जाणारी माणसं आमच्या माणगाववरूनच महाडला जाणार. बाबासाहेबांच्या नावानं हायवेला पाणपोई मीच चालवणार. ठरलं. नाव नको, फोटो नको. फक्त एप्रिलमधल्या जयंतीचं जेवण माझ्याकडे द्यावं, बास.

१६ मार्च
क्रांती म्हणते, नळाची टाकी ठेवू, ज्याचं तो घेईल. टाकीचं पाणी तापतं म्हटलं. चार माठ. पाणी काढायचं ओगराळं माझ्याच हातात.

१९ मार्च
माठ घासले, वाळा टाकला. आमच्या ह्यांच्याकडून बोर्ड लिहून घेतला, माठाला हात लावू नये. माझी शाळा चौथीत सुटली, पण शिस्त काय शाळेत मिळत न्हाय. लिहिताना हे हसत होते. का, ते सांगेनात.

२० मार्च, सकाळी ९
तीन बसेस आल्या. रांग पार रस्त्यापर्यंत. एक जण परस्पर घ्यायला गेला, दिली हातावर चापट. तो आजच्या सभेचा वक्ता निघाला. असू दे. वक्त्याचे हात काय धुतलेले असतात?

दुपारी २
परभणीची एक म्हातारी. रात्रभर बसमध्ये बसून आलेली. म्हणाली, माय, आज तरी मला माझ्या हातानं घेऊ दे. तिला जंतू म्हणजे काय ते नीट समजावलं. तिनं सगळं ऐकलं. पेला उलटा ठेवला. गेली. न पिता.

संध्याकाळी
तीन माठ भरलेलेच. लोकं समोरच्या टपरीवर बाटल्या घेत होती. क्रांतीनं बोर्ड काढला. म्हणाली, काकी, शंभर वर्षं होत आली आणि तू परत पाण्यावर पहारा बसवलास. पहारा कसला? स्वच्छता!

२३ मार्च
जयंतीचं जेवण वरच्या आळीला दिलं. मला सल्लागार केलंय. म्हणजे घरी बस. बसते, माझं काय न्हाय. पण त्या म्हातारीनं पुढे कुठं पाणी पिलं का, ते क्रांतीनं परभणीवाल्यांना फोन करून विचारावं. मला गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे. शुक्रवार चालणार न्हाय.