शर्यतीपुरतं माहेर

२९ जून, संध्याकाळ
तूरिनहून सिएनात पोचलो. सगळ्यांची विचारपूस केली. बहीण आर्जा: गुडघे दुखतात, जीभ ठणठणीत. कॉफीवाला बेर्तो: शुगर वाढली, गिऱ्हाईक घटलं. आमच्या कासव आळीच्या वाट्याला आलेला घोडा: आम्हा सगळ्यांपेक्षा ठणठणीत. बायको इल्व्हा रिवाजाप्रमाणे गोगलगाय आळीत, भावाकडे. आळ्या-आळ्यांच्या घोड्यांच्या शर्यतीचे दिवस, तेव्हा नवरा आपल्या माहेरच्या आळीत, बायको आपल्या. यंदा हिवाळी कोटही घेऊन गेली. जूनमध्ये! बायकांचं पॅकिंग!
रिटायर झालो, आता कायमचं इथंच. कासव आळीत घर भाड्यानं घेतलंय. इल्व्हाला सरप्राइज.

२ जुलै, शर्यतीनंतर
हरलो. गोगलगायीही हरल्या, म्हणजे दिवस वाया गेला नाही. इल्व्हा येईलच. दोन ताटं मांडली.

३ जुलै
आली नाही. हरल्याचं दुःख. हळवी माणसं ती.

८ जुलै
मेहुणा व्हास्को चौकात भेटला. म्हणाला, दाजी, घराचं तिला कळलंय. ती म्हणते, अख्खा संसार तूरिनमध्ये, त्याच्या नोकरीसाठी. आता म्हातारपण त्याच्या आळीसाठी. मला कुणी विचारलं? मी म्हटलं, सरप्राइज कुणी विचारून देतं का! तो हसला नाही. दमला असणार.

१५ जुलै
ऑगस्टात दुसरी शर्यत आहेच. मधल्या महिन्यासाठी ये-जा कशाला? शहाणी बाई. निश्चय: तिच्या आळीत पाऊल टाकायचं नाही.

१८ जुलै
सहज गेलो. बाकावरचा एक म्हातारा ओरडला, अरे दारं लावा, कासव आलंय! दुसरा म्हणाला, घाई नको, जेवून उठून लावू. वरच्या खिडकीतून इल्व्हाचं हसणं ऐकू आलं. तूरिनमध्ये ती अशी हसल्याचं आठवत नाही. तिथली हवाच खराब.

१६ ऑगस्ट
जिंकलो! ढोल, रडारड, जिंकलेली आळी नव्यानं जन्मते म्हणून बाळांच्या चोखण्या तोंडात घालून नाचणारे म्हातारे. मीही नाचलो. शर्यत संपली की बायको घरी येते, म्हणून आणायलाच गेलो. गोगलगाय आळीत झाडून खिडक्या बंद. इल्व्हानं उघडली. म्हटलं, चल घरी. म्हणाली, नेल्लो, घरीच आहे मी. तुमच्या घोड्याचं अभिनंदन. वारा सुटलाय, गळ्याला काहीतरी गुंडाळ. मग हळूच खिडकी लावली. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

१९ ऑगस्ट
तिचं घर पाच मिनिटांवर, तरी चिठ्ठी पोस्टातच टाकली. लिहिलं: तुझी तब्येत कशी? व्हास्कोची? मी बरा आहे. हे घर सोडतोय. कुठं राहायचं ते तू सांग. एकटीच राहायचं असेल तर तेही सांग. पण लवकर लिही.