रक्त दिलं धाकट्याने

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, रुग्णालयाच्या कपडे-विभागातून निवृत्त झालेली शिलाई कारागीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि पुरत्या शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, एवढं सोडलं तर तब्येतीची तक्रार नाही. तरी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम एक. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळका नळ, माझ्या मुलाला. नळ तो गेल्या वर्षापासून दुरुस्त करतो आहे.

कलम दोन. केशकर्तनालयातला माझा निम्मा हिस्साही मुलालाच, कारण तिथे राबतो तो. उरलेला निम्मा भाऊजींचा, म्हणजे माझ्या पतींच्या धाकट्या जुळ्या भावाचा. दुकान त्या दोघांनी काढलं. दोघं इतके सारखे, की एकाने साबण लावावा, दुसऱ्याने वस्तरा फिरवावा, आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागू नये. एकाला हाक मारली की जो रिकामा असेल तो ओ देई. बँकेत, लग्नात, घरमालकासमोर एकाच्या जागी दुसरा उभा राही आणि दोघांनाही त्याचं फार कौतुक होतं.

कलम तीन. दुकानातली आरशासमोरची पहिली खुर्ची माझ्या पतींची. ती भाऊजींना द्यावी. याचं कारण लिहिणं भाग आहे.

पतींच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी हट्टाने आरोग्य विम्याचा अर्ज भरायला लावला. कंपनीचा माणूस रक्त घ्यायला दुकानात येणार होता. दिवसभर वस्तरा चालवणारा हा माणूस सुईला मात्र टरकायचा. भावाला म्हणाले, "तू बस रे माझ्या जागी. आपल्यात काय फरक आहे?" भाऊजी बसले. रिपोर्टात साखर निघाली, तीही भरपूर, आणि कंपनीने हप्ता वाढवून मागितला.

मी म्हटलं, "अहो, एका पोटातून आलात. आता तुमचंही रक्त तपासून घ्या."

"साखर त्याची, आणि हप्ता मी भरू? मला नको तो विमा."

"विमा राहू द्या. नुसतं तपासा."

"बघू पुढच्या महिन्यात."

भाऊजींनी दुसऱ्याच दिवसापासून गोळ्या सुरू केल्या, सकाळी चालायला लागले. आमचे हे पुढचा महिना पुढे ढकलत राहिले. त्रेपन्नाव्या वर्षी दुकानातच कोसळले. मूत्रपिंडं कधीच कामातून गेली होती. जिथे मी चादरी शिवत होते, त्याच रुग्णालयात ते सव्वा महिना होते आणि तिथेच गेले; विमा नव्हता म्हणून दुकानाची मागची खोली विकावी लागली. खोलीचं मला दुःख नाही. भाऊजींचा मात्र मी बरीच वर्षं राग केला. त्यांनी वाईट काहीच केलं नव्हतं, पण एका रक्ततपासणीने त्यांना वाचवलं आणि ती आमच्या ह्यांच्या नावाची होती, हे गळ्याखाली उतरत नव्हतं. आता तो राग राहिला नाही. खुर्ची त्यांनीच घ्यावी.

कलम चार. माझी उंच शिडी जावेकडे आहे. ती परत मागू नये, पण ती माझी होती हे सर्वांनी ध्यानात ठेवावं.

कलम पाच. बँकेतली ठेव सुनेच्या नावे. तिने त्यातून घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा काढावा आणि हप्ता चुकवू नये. अर्जात वडिलांचा आजार, चुलत्याचा आजार, खरं ते सगळं लिहावं. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्यावा. लेकाने या पैशात लुडबुड करू नये. शिलाई मशीनही सुनेलाच. तिला शिवता येत नाही, पण शिकायची तिची तयारी आहे.

कलम सहा. माझा मुलगा आता सेहेचाळीसचा झाला. पाणी फार पितो, जेवला की पेंगतो. तपासणीचं नाव काढलं की म्हणतो, "आई, मला काय धाड भरलीय?" वकील म्हणाले, घराला अट घाला, रिपोर्ट दाखवल्याशिवाय ताबा नाही. मी तसं लिहिलं आणि खोडलं. मी गेल्यावर घरासाठी तो डॉक्टरकडे जाईलही, पण तोवर उशीर झाला तर? मला तो आत्ता जायला हवा आहे. म्हणून हा कागद मी त्याला आजच वाचून दाखवणार आहे. घर त्याचंच आहे, तो गेला नाही तरी त्याचंच राहील.

लेका, एवढंच ऐक. भाऊजी रोज संध्याकाळी बिनसाखरेचा चहा प्यायला येतात. त्यांचे केस पिकले, पाठ वाकली, हल्ली जिना चढताना कठड्याला धरतात. तुझे वडील म्हातारे झाले असते तर कसे दिसले असते, हे मला रोज दिसतं आणि रोज रडू येतं. तुझं म्हातारपण बघायला मी नसणार. ते तुझ्या बायकोला बघायला मिळू दे.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२४
लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार :
१. आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका (सही)

दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. या कागदाने दोघांनाही काही मिळायचं नाही.