पुढच्या खोलीतल्या वर्गाची माझ्यानंतरची व्यवस्था

मी, श्रीमती उज्वला फकिरा दरेकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार इंदिरानगर, नाशिक, आज राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. संतोष पगार यांनी तसा दाखला दिला आहे. देण्याआधी त्यांनी मला तारीख, वार आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी ते केले आणि त्यांच्या दाखल्यातल्या दोन चुकाही दाखवल्या, तेव्हा त्यांची पुरती खात्री पटली. गुडघे सोडले तर शरीरही बरे आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. माझा मुलगा अमोल याने गोड बोलायचा प्रयत्न केला, पण ते त्याला जमत नाही. तो वडिलांवर गेला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, सबब रद्द करण्यासारखे काही नाही.

वकीलसाहेबांनी अर्ध्या पानाचा मसुदा दिला होता. कायद्याने तो बरोबर होता, पण त्यात कारणे नव्हती. कारण न सांगता वाटणी केली की तेराव्याच्या पंगतीत लोक आपापली कारणे काढतात. म्हणून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे.

कलम एक. इंदिरानगरचे दोन मजली रो-हाऊस माझ्या पगारातून आणि माझ्या यजमानांच्या कमाईतून झाले. ते विंचूरच्या कांदा मार्केटात मापारी होते. आयुष्यभर दुसऱ्यांचा कांदा मोजला, स्वतःचे वजन कधी केले नाही आणि डॉक्टरचे ऐकले नाही. असो. हे घर माझ्यामागे अमोलचे. मात्र तळमजल्यावरची रस्त्याकडची पुढची खोली नावाने त्याची झाली, तरी तिथे इंग्रजी वाचनाचा वर्ग भरण्याचा हक्क वर्गाकडे राहील. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा, पहिली ते चौथीची मराठी शाळेतली मुले, फी नाही. ओळीने एक वर्ष एकही मूल आले नाही, तर हा हक्क संपेल आणि अमोलने तिथे खुशाल एटीएम बसवावे.

खरे सांगायचे तर हा सगळा कागद या एका खोलीसाठी आहे. बाकीची कलमे सोबतीला आहेत.

कलम दोन. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक अमोल व सूनबाई सायली यांना निम्मी-निम्मी. पुतळ्यांची माळ आणि जांभळी पैठणी सायलीची. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिच्या भाजीला मी चारचौघांत "मिळमिळीत" म्हटले होते. भाजी तशीच होती, पण चारचौघांत म्हणायला नको होते. ती चुकून माळ घेणार नाही म्हणेल, तर तिला आग्रह करावा. तिला आग्रह लागतो.

कलम तीन. तांब्याचे मोठे घंगाळ माझ्या निफाडच्या नणंदबाई, बायडाबाई यांना देते. ते सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका लग्नापुरते नेले आणि ते लग्न अजून उरकलेले नाही. निदान आता ते कायद्याने त्यांचे होईल आणि मी त्यांच्या घरी गेले की ते पलंगाखाली सरकवायचे त्यांचे कष्ट वाचतील.

कलम चार. "आदर्श शिक्षिका, निफाड तालुका, सन २००४" अशी पाटी दिवाणखान्यात आहे. ती माझ्या फोटोशेजारी लावू नये. भंगारातही देऊ नये. मागचे प्लायवूड जाड आहे. ती उलटी करून पुढच्या खोलीत लावावी आणि तिच्यावर त्या आठवड्याचे शब्द टाचणीने टोचावेत. याचे कारण थोडे लांबलचक आहे.

पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा मी नोकरीत मुरलेली होते. आम्हाला जसे शिकवले तसेच आम्ही शिकवले. मी एक ओळ म्हणायची, पन्नास पोरांनी तालावर माझ्यामागे म्हणायची. दिवाळीपर्यंत अख्खे पुस्तक तोंडपाठ. साहेब तपासणीला आले, कोणतेही पान काढले, पोरगं घडाघडा वाचतंय. साहेब खूश, सरपंच खूश, मला नारळ, शाल आणि ही पाटी. दुसऱ्या दिवशी आमच्याच शाळेतले नाथा रायते गुरुजी माझ्या वर्गात आले. त्यांनी एका मुलाला पुस्तक दिले, डोक्यावरची टोपी काढली आणि पानावरच्या चित्रावर ठेवली. "आता वाच रे." पोरगं मुकं झालं. टोपी उचलली की गाडी सुरू, ठेवली की बंद. चित्र बघून कोणते पान म्हणायचे एवढेच त्याला कळत होते. अक्षर एकही कळत नव्हते.

गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, काल सत्कार चित्रांचा झाला म्हणायचा."

ते खरे होते, म्हणूनच मी त्यांच्याशी बोलणे टाकले. ते निवृत्त होईपर्यंत पाच वर्षे एका शाळेत, भिंतीला भिंत लागून वर्ग, आणि खडूची पेटी हवी असली तरी मी पोराच्या हाती निरोप धाडायची. शिकवायची पद्धतही मी बदलली नाही. रागाच्या भरात माणूस चुकीचेच काम जास्त नेटाने करतो.

निवृत्तीनंतर इथे वर्ग काढला तोही त्याच चालीवर. आणि इथेच शकुबाई मौले यांचा प्रवेश होतो. त्यांचा पाथर्डी शिवारात झेंडू-शेवंतीचा लहानसा तुकडा आहे आणि आमच्या कोपऱ्यावर त्या हार विकतात. नातू राज वर्गात यायचा, तो सुटेपर्यंत शकुबाई आमच्या उंबऱ्यात बसून हार ओवायच्या. तेव्हा त्यांना मराठीच जेमतेम वाचता येत होते. एके दिवशी राजने पान खणखणीत वाचून दाखवले. मी शाबासकी दिली. उंबऱ्यातून आवाज आला,

"बाई, त्यो वाचत नाय."

"म्हणजे? आत्ता वाचलं की!"

"डोळे माझ्या हारावर हायेत त्याचे. पुस्तकाकडं बघितलंबी नाय. मी वजनकाट्याकडं न बघता वजन सांगितलं तर गिऱ्हाईक ऐकून घेईल का?"

मी रागावले. मग रात्रभर तळमळले नाही, उगाच खोटे कशाला सांगू, झोप छान लागली. पण सकाळी चहा करताना गुरुजींची टोपी आठवली. दोन माणसांनी, दहा वर्षांच्या अंतराने, एकच गोष्ट सांगितली होती. गुरुजींना फोन लावला. ते एवढेच म्हणाले, "उशीर केला बाई. बोला, काय करायचं?"

त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून वर्ग मोडून नव्याने बांधला. चित्रे बाजूला ठेवली. आधी आवाज, मग अक्षर, मग दोन-तीन अक्षरांचे शब्द. ॲपल आणि इग्लू हद्दपार. सफरचंद मुलांच्या घरी आजारपणात येते आणि इग्लू तर मीही पाहिलेला नाही. द्राक्षाच्या रिकाम्या पेटीत खरा कांदा, मिरची, झेंडू, दोरा, कात्री ठेवायची. मुलाने डोळे मिटून वस्तू काढायची, वास घ्यायचा, नाव इंग्रजीत सांगायचे आणि मग ते नाव लिहिलेली चिठ्ठी शोधायची. नाकाने शिकलेला शब्द मूल विसरत नाही. व्याकरणासाठी प्रत्येकाच्या हातात एकेक शब्द देऊन रांग लावायची. मराठीच्या रांगेत क्रियापदाचे पोर शेपटीला उभे राहते. "आता इंग्रजी!" म्हटले की ते धावत मधे घुसते आणि बाकीचे ढकलाढकली करून त्याला जागा देतात. नियम सांगावा लागत नाही, फक्त भांडणे सोडवावी लागतात.

कलम पाच. हे कलम देण्याचे नाही, माफी मागण्याचे आहे. तीन वर्षांपूर्वी निफाडच्या स्टँडवर अंजली भेटली, माझी जुनी विद्यार्थिनी. कडेवर तापाने फणफणलेले मूल. माझ्या पाया पडली आणि कौतुकाने म्हणाली, "बाई, अजून सगळं पाठ हाय मला!" भर स्टँडवर तिने दुसरीच्या इंग्रजीचा अख्खा धडा म्हणून दाखवला, एक शब्द चुकला नाही. मग पिशवीतून औषधाची बाटली काढली. "बाई, एवढं वाचून सांगा ना, किती चमचे पाजायचं ते." मी वाचून दिले. ती आनंदाने निघून गेली आणि मी बाकावर बसून रडले. अंजलीचे आणि तिच्यासारख्या माझ्या सगळ्या मुलांचे मी नुकसान केले आहे. ते माझ्या हातून भरून निघणार नाही. पुढच्या खोलीचा हट्ट मी का धरला, हे अमोलने इथे नीट वाचावे.

कलम सहा. शब्दांच्या चौदा वह्या, चिठ्ठ्यांच्या पेट्या आणि मोठा शब्दकोश माझी नात दिशा हिला. ती इंग्रजी शाळेत जाते आणि मी "व्हेजिटेबल" म्हटले की डोळे फिरवते. तिने दर शनिवारी एक तास वर्गात येऊन मुलांशी इंग्रजीत बोलावे, म्हणजे त्यांचे उच्चार माझ्यासारखे गावरान राहणार नाहीत. डोळे मात्र घरी फिरवून यावे.

कलम सात, आणि यावरून घरात तीन आठवडे अबोला झाला. वर्ग माझ्यामागे शकुबाई चालवतील. खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे राहील. त्यांच्यानंतर कोण, ते त्यांनीच ठरवावे.

अमोल म्हणाला, "आई, लोक हसतील. इंग्रजीचा वर्ग आणि शिकवणार हारवाली?" हसू देत. अकरा वर्षे शकुबाई त्या उंबऱ्यात बसून मुलांबरोबर शिकल्या आहेत. चौथीचे पुस्तक चित्रे झाकून वाचतात. इंग्रजी बोलता येत नाही, हे खरे. त्यासाठी दिशा आहे. चौथीच्या व्याकरणात अडले तर सायलीने बघावे, तिचे बी.एड. पंधरा वर्षे कपाटात घडी घालून ठेवले आहे. तेव्हा सायली म्हणाली, "बँकेतून यायला मला सात वाजतात, आई." मग सातनंतर बघावे.

शकुबाईही तयार नव्हत्या. "मला कोण बाई म्हणल? तुम्ही हायेत तवर ठीक हाय. तुम्ही नसल्यावर पोरं यायची नायत." हे ऐकून मीही डळमळले. सही करायचा दिवस दोनदा पुढे ढकलला. मनातून मलाही वाटत होते की वर्ग म्हणजे मी, आणि मी गेले की खोलीला कुलूप.

म्हणून गेल्या सोमवारी मी एक लबाडी केली. ताप आला म्हणून सांगितले आणि मधल्या खोलीत पांघरूण घेऊन पडले. दार थोडे किलकिले ठेवले. निकिता नावाची दुसरीतली मुलगी आहे. आठ महिने झाले, तिला पूर्ण वाक्य वाचता आलेले नाही. शकुबाईंनी तिला चिठ्ठी दिली. मी बांधलेलेच वाक्य, "द हेन सॅट ऑन द बस." निकिता पहिल्या शब्दावर थांबली. मग दुसऱ्यावर. मग काहीच आवाज येईना. अशा शांततेत मी एका श्वासात उत्तर सांगून टाकते. मुलाची दया येते म्हणून, असे मी म्हणते, पण खरे तर मला शांतता सोसत नाही. उत्तर माझ्या जिभेवर आले. मी पदर तोंडात धरला. शकुबाई काही बोलल्या नाहीत. एकाही मुलाला बोलू दिले नाही. फक्त फुले ओवल्याची सळसळ ऐकू येत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग निकिताने एकेक आवाज जोडत सगळे वाक्य वाचले, क्षणभर थांबली आणि खो-खो हसत सुटली. "कोंबडी बसवर बसली!"

पाठ म्हणणारी मुले हसत नाहीत. एकतीस वर्षे नोकरीत माझ्या वर्गात कधीच कोणी धड्याला हसले नव्हते.

निकिता म्हणाली, "बाईंना वाचून दाखवू?"

शकुबाई म्हणाल्या, "बाई निजल्यात. आन् त्यांना येतंय वाचायला. तू पुढचं वाच."

मला आधी भयंकर राग आला. मग बरे वाटले, इतके बरे की खरेच ताप उतरल्यासारखे झाले. मी उठून बाहेर गेले नाही. निकिता पुढचे वाचत होती.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला, दोनदा तपासला, आणि आता माझ्यावाचून अडणार नाही याची खात्री झाल्यावर खाली सही करत आहे.

सही: उज्वला फकिरा दरेकर

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणार यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:

१. नाथा रायते, निवृत्त शिक्षक, वय ७४, रा. निफाड
२. डॉ. संतोष पगार, वैद्यकीय व्यवसाय, रा. इंदिरानगर, नाशिक

ठिकाण: नाशिक
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५