लॅबची किल्ली माझ्याकडेच

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मुंताझ टीचरकडे लक्ष द्यायचं नाही. ठरलं.
या शाळेचा कॉम्प्युटर सर मी. लॅब इन-चार्जही मीच. इतक्या वर्षांत एक की-बोर्ड फुटला नाही. मॉनिटरवरचं प्लास्टिकसुद्धा मूळचंच आहे. आणि ही जूनमध्ये मलप्पुरमहून बदलून आलेली गणिताची बाई! आल्या आल्या लॅब मागते, आणि हेडमास्तर तंकप्पन सर देतात. तिच्या तासाला पोरं पळत येतात. माझ्या तासाला कधी कुणी पळालेलं नाही. याला शिस्त म्हणतात.

५ नोव्हेंबर
लक्ष दिलं नाही. फक्त खिडकीतून पाहिलं.
पोरांनी स्क्रीनवर बेडूक बनवला होता. उडी मारायचा आणि डबक्यात पडायचा. पोरं खिदळत होती, टीचरही. कॉम्प्युटरसमोर हसतात का कधी? शेवटी बेडूक पलीकडे पोचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवली ती डास मारायला.

७ नोव्हेंबर
पूर्वी स्टाफरूममध्ये कुणाचा मोबाइल अडकला की माझ्याकडे यायचे. मी सांगायचो, बंद करून चालू करा. आज मल्याळमच्या टीचर थेट मुंताझकडे गेल्या. तिनंही बंद करून चालूच केला! वर सगळ्यांदेखत म्हणते, ही युक्ती कुरियाकोस सरांचीच हं. सगळ्यांना ते फार गोड वाटलं. मला टोमणा कळतो.
घरी लिल्लिकुट्टीला सांगितलं. ती जेवणासाठी कप्पाचे, म्हणजे टॅपिओकाचे कंद सोलत होती. म्हणाली, अहो, मग तुम्हीही करा की एखादा बेडूक.
बायकोला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही. कप्पा आज बेचव झाला होता.

११ नोव्हेंबर
आनंदाची बातमी! पुढच्या सोमवारी जिल्ह्याहून अधिकारी वेलायुधन सर तास पाहायला येणार. ज्याचा तास आवडेल, तो जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवायला जाणार. म्हणजे मीच. मुंताझ टीचरचं वाईट वाटतं. तिला सांत्वनाचं काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं.
विषय : संगणकाचा इतिहास. प्रत्येक स्लाइड गरगर फिरत येणार. बेडूक नाही.

१५ नोव्हेंबर
स्लाइड्स तयार. लॅबच्या मशीनमध्ये ठेवल्या.
मग सगळ्या मशीन्सचे पासवर्ड बदलले. यात मत्सराचा संबंध नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. पासवर्ड असा की कुणाच्या बापाला सुचणार नाही. लिहून ठेवणं धोक्याचं, म्हणून लिहिला नाही.
मुंताझ टीचर विचारायला आली. म्हटलं, वरून आदेश आहे. म्हणाली, बरं सर, मी मुलांना बाहेर घेते.
चिडली नाही. माणसानं थोडं तरी चिडावं.

१८ नोव्हेंबर, सकाळ
नवा शर्ट. नाश्त्याला तांदळाचा वाफवलेला पुट्टू दोनदा घेतला. आज निकाल.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
पासवर्ड आठवला नाही.
लिल्लिकुट्टीचं नाव टाकून पाहिलं. लग्नाची तारीख टाकावी म्हटलं, तर तीही आठवेना. तंकप्पन सर कानाशी येऊन कुजबुजले, कुरियाकोस, काहीतरी कर रे बाबा. व्हायरस आलाय म्हटलं. वेलायुधन सरांनी विचारलं, सगळ्या मशीन्सना एकदम? म्हटलं, साथ आहे.
ते बाहेर गेले. अंगणात मुंताझ टीचरची पोरं. एकाचे डोळे बांधलेले, तो यंत्रमानव. बाकीचे हुकूम देत होते, तीन पावलं पुढं, डावीकडे वळ. फणसाच्या झाडाला हात लागला की जिंकले. वेलायुधन सर म्हणाले, मलाही बांधा. एवढा मोठा अधिकारी, आणि पोरांनी त्याला सरळ तंकप्पन सरांच्या पोटावर नेऊन आदळला!
माझ्या मनात फटाके फुटले. संपली बाई! सांत्वनाची वाक्यं मनात घोळवली.
पट्टी काढून वेलायुधन सर हसत सुटले. पोरांना विचारलं, चूक कुणाची, यंत्राची? पोरं ओरडली, नाही, आमच्या हुकमाची! ते म्हणाले, हाच तर कॉम्प्युटर. वीस वर्षांत असा तास पाहिला नाही.
ती जिल्ह्याला जाणार. तिनं त्यांना सांगितलं, लॅब बंद होती म्हणून सुचलं. म्हणजे मूळ कल्पना माझीच. हे कुणी बोललं नाही.

१९ नोव्हेंबर
तंकप्पन सरांनी लॅबची किल्ली मागून घेतली. म्हणाले, तुला जरा विश्रांती. मुंताझ टीचरनं मशीन्स उघडली. कशी, ते मी विचारलं नाही. ती शिकवायला तयार होती.
व्हरांड्यात एकटाच उभा होतो. सातवीतली एक मुलगी जवळ आली. म्हणाली, सर, तुम्हीपण कॉम्प्युटर शिकायला या ना, टीचर रागवत नाहीत.
मी म्हटलं, अगं, मी कोण आहे माहीत आहे ना?
म्हणाली, हो, चित्रकलेचे सर. तुम्ही वहीत मॉनिटर काढायला लावता, की-बोर्ड काढायला लावता. माउसची शेपटी लांब काढली म्हणून मला दहापैकी चार दिलेत.
चार नाही, पाच दिले होते.
आणि शेपटी खरंच फार लांब होती.