हाताने दोन फेरे

अण्णा, आज मी माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट स्वतः बदलला. तुम्ही असतात तर आधी "कशाला हा उपद्व्याप?" म्हणाला असतात आणि मग शेजारी उभं राहून मी आवळलेल्या प्रत्येक नटाला नावं ठेवली असतीत. इथे स्टुटगार्टमध्ये गाडी वर उचलायची लिफ्ट तासावर भाड्याने देणारं एक गॅरेज आहे, आपली गाडी आपणच दुरुस्त करायची. शनिवारी सगळे जोडीने येतात, बाप-लेक, नवरा-बायको, मी एकटीच. टॉर्च धरायला कुणी नाही म्हणून ती दातांत धरली. ऑफिसात दिवसभर इंजिनंच बघते, पण स्क्रीनवर, तेलाचा वास म्हणून येत नाही. आठवडाभरात मराठी बोलले ते आज, बेल्टला ताण देणाऱ्या त्या टेन्शनरशी, आणि त्याही शिव्याच.

बेल्ट चढवला. वरच्या चाकाची खूण, खालच्या चाकाची खूण, दोन्ही जुळल्या. मग तुमच्या पद्धतीने पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं आणि खुणा पुन्हा बघितल्या. गॅरेजचा म्हातारा मालक मागे येऊन उभा होता. "गेनाऊ! अगदी बरोबर, आधी हाताने," तो खूश होऊन म्हणाला. "कुणी शिकवलं?" वडिलांनी, म्हटलं. "मग त्यांना फोन करून सांगा की." मी नुसती मान डोलावली. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन.

त्याने विचारल्यापासून ती दुपार डोक्यातून जात नाही. सांगलीचं आपलं गॅरेज, माझी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाची सुट्टी, आणि हेडसरांची पांढरी गाडी. तुम्ही बेल्ट बसवलात, दोन फेरे फिरवलेत, खुणा तपासल्यात आणि म्हणालात, "इंजिनियर बाई, जेवून येतो. हात लावू नका हं." तुमची पाठ वळली आणि मी हात लावला. बेल्ट मला ढिला वाटला. पुस्तकात वाचलेलं अंगात आलं होतं ना! टेन्शनर सैल केला, तोच वरचं चाक टक्कन सरकलं. मी ते अंदाजाने मागे आणलं आणि टेन्शनर आवळून टाकला. हाताने फिरवून बघायचा मला कंटाळा आला. तुम्ही जेवून येता, कव्हर लावता, चावी फिरवता. तो खडखडाट अजून कानात आहे. खुणा चुकल्या होत्या; पिस्टन आपटून इंजिनचे व्हॉल्व्ह वाकले.

हेडसरांसमोर तुम्ही हात जोडलेत. "चूक माझीच. खूण नीट दिसली नसणार, डोळे गेले आता." मी तिथेच उभी होते, हातात फडकं घेऊन. बोलणार होते हो, शप्पथ. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच आले. ते म्हणाले, नंबर आहे तोच आहे. तुम्हाला काही ते पटलं नाही. "त्यांना काय कळतंय?" म्हणालात आणि त्यानंतर टायमिंगचं काम कधी घेतलं नाहीत. ज्या कामासाठी लोक लांबून तुमचं नाव विचारत यायचे, तेच. ऑइल बदलायचात, ब्रेक बघायचात, आणि कुणी टायमिंग म्हटलं की स्टँडसमोरच्या गॅरेजचा रस्ता दाखवायचात. मी जर्मनीला निघाले तेव्हा विमानतळावर सगळे रडत होते आणि तुम्ही मला म्हणालात, "खूण दोनदा बघत जा. माझ्यासारखी गफलत करू नकोस." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरीही नाही बोलले.

आज गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. किती गोड चालत होती म्हणून सांगू! ऐकायला शेजारी कुणी नव्हतं. घरी आले आणि हे लिहायला घेतलं. नखांतलं काळं अजून निघालेलं नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि खरं सांगायचं तर पत्ता असता तर मी लिहिलंच नसतं, इतकी भित्री मी अजून आहे. हेडसरांची गाडी मी बिघडवली. तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, अण्णा.